लीड जोडताना

तिबो, खुर्ची ओढ. यंत्रातली कॉफी नको घेऊस,
माझ्या थर्मासमध्ये अजून दोन घोट आहेत.
रविवारभर तू याच चुकीशी झुंजत होतास म्हणे:
अकरा साइट जास्त. आल्या कुठून?
तू तर त्रिज्या देऊन वर्तुळ आखलं होतंस,
एक ठिपका इकडचा तिकडे नाही.

चूक नाही रे ती.
वर्तुळाची कड वळते, लीड येते सरळ,
कवायतीतल्या पोरांसारखी ओळीत.
दोघांची गाठ पडते मधल्या दोन-चार जागी,
बाजूंना फटी राहतात.
गवंडी चौकट बसवताना कपच्या ठोकतो,
मालकाला विचारत नाही.
प्रोग्रामनं तेच केलं.
सांधा कुणाच्याच आराखड्यात नसतो
आणि मोजायला बसलं की हिशेबात निघतो.

आता दिशा बघ. उणे एक, शून्य.
हे वजाचं चिन्ह पुसट समजू नकोस.
लीड जाळीपासून दूर जाते, बाहेर,
आत शिरत नाही.
ब्लांदीन विसरली होती एकदा. तीन आठवडे
तिची डावी लीडही उजवीकडेच,
एकीच्या अंगावर दुसरी,
आणि आलेख असा देखणा की
आम्ही तो भिंतीवर लावला.

बाहेर म्हणजे कुठवर?
विचारलंस ते बरं झालं, बाकीचे विचारत नाहीत.
एक घर आखायचं.
त्यातून शेजारच्या घरात उडी कशी, ते सांगायचं.
आणि मग म्हणायचं, इत्यादी.
बस्स. एवढ्या शब्दावर ती अनंतापर्यंत जाते.
कुठेतरी थांबवलीस तर
लाट टोकाला आपटून माघारी येईल,
आणि तू जाळीचा म्हणून जो आवाज ऐकशील
तो त्या भिंतीचा असेल.

पण अनंत कोण मोजणार, या जुन्या मशीनवर?

माझे वडील रोमांशच्या खोऱ्यात, वीजघरात,
एकतीस वर्षं एकाच व्हॉल्व्हपाशी.
डोंगरावरून उतरणारा लोखंडी पाइप,
वर कुठंतरी तळं.
ते कधी चढून गेले नाहीत. आधी वेळ नव्हता,
मग गुडघे नव्हते.
पण व्हॉल्व्हवर तळवा ठेवून सांगायचे,
वर बर्फ सुटायला लागलाय, ओदील,
आणि दुपारपर्यंत काटा चढायचा.

तसंच करतो आपण. अख्खी लीड
कडेच्या साइटवर एका लहानशा सारणीत उतरते.
जाळीला तेवढंच कळतं,
तेवढंच पुरतं.

ते गेल्यावर मी चढले एकदा.
तळं लहान निघालं. धरणाच्या कठड्यावर
एक जोडपं चीज कापत बसलेलं,
कुत्रं पाण्याशी भांडत होतं.
मी हात घातला पाण्यात. गार.
काहीच कळलं नाही मला.

चालव आता.
ही बघ पायरी. एक. दोन. तीन.
पट्टी स्वच्छ असली की अशाच सपाट येतात,
पूर्णांकात, पाय ठेवावासा वाटेल इतक्या.
आता तुझं वर्तुळ घाल.
पायऱ्या झिजल्या ना? खाचा पडल्या?
घाबरू नकोस, तेच तुझं काम आहे,
सपाटीवर कुणी प्रबंध लिहीत नाही.

शुक्रवारी माझा बिल्ला परत द्यायचा आहे.
केक असेल, संचालक बोलतील,
माझं नाव बहुधा चुकीचं उच्चारतील.
कुंड्या ब्लांदीन नेणार आहे.

तिबो, एकच.
लीड जोडायच्या ओळीवर एक टिप्पणी आहे,
मीच लिहिलेली, तू शाळेतही नव्हतास तेव्हा:
दिशा पुन्हा तपासा.
त्यात शुद्धलेखनाची चूक आहे.
राहू दे ती.